देहरादूनला घडणाऱ्या युरोपीय तलवारी

स्पेनमधल्या टोलेडो शहरात मध्ययुगीन योद्धा एल सिदच्या ‘तिझोना’ तलवारीच्या प्रतिकृती दुकानोदुकानी टांगलेल्या दिसतात. पण अमेरिकेतल्या संग्राहकाच्या भिंतीवरची सरदारी तलवार कित्येकदा आपल्या देहरादूनची असते! तिथली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी १९४३ मध्ये गुरखा सैनिकांसाठी खुकऱ्या बनवत सुरू झाली. आज ती मध्ययुगीन युरोपच्या तलवारी घडवून परदेशी पाठवते.

चांगली प्रतिकृती ओळखायची कशी? आधी वजन पाहावे. सिनेमामुळे या तलवारी अवजड वाटतात. प्रत्यक्षात एका हाताने चालवायची मूळ तलवार साधारण एक ते दीड किलोचीच असे. तिचे पाते मुठीपासून टोकाकडे पातळ होत जाते, म्हणून ती हातात हलकी वाटते. स्वस्त नकलेत सगळीकडे सारख्याच जाडीची पट्टी असते आणि भार टोकाकडे ओढतो. इंग्रज अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांनी १९६० मध्ये पात्यांच्या आकारानुसार वर्गीकरण मांडले. जाणकार कारागीर आजही त्याचाच आधार घेतात.

शोभेची पाती बहुधा स्टेनलेस स्टीलची. गंजत नाहीत, चकाकतात, पण लांब पाते आघाताने मोडू शकते. त्यातच मुठीच्या आत नुसती बारीक सळई जोडलेली असेल तर धोका वाढतो. कार्बन स्टील लवचिक, मात्र त्याला नियमित तेल हवे.

भिंतीवरची तलवार हौसेखातरसुद्धा फिरवू नका. आणि विकत घेण्यापूर्वी शस्त्र परवान्याचे नियम पोलीस ठाण्यात जरूर विचारा.