न्यू ऑर्लिन्सच्या ताटातली सुंगटे कोणाची?

बंदी चालू आहे, होड्या वर काढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. तेव्हा आज सबसिडीच्या फॉर्मचा विषय बाजूला ठेवतो आणि जेवणावर लिहितो. तेही अमेरिकेतल्या.

माझा भाचा क्रूझवर किचनमध्ये आहे. आपल्या गोव्यातली कितीतरी पोरं आहेत तशी. त्याचं जहाज दर रविवारी लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स बंदराला लागतं. जुने पॅसेंजर उतरतात, नवे चढतात, तेवढ्यात याला तीन-चार तास सुट्टी. बाकीची पोरं फुकटचं वायफाय शोधतात, हा जेवायला जातो. जुनं शहर धक्क्यापासून चालत जाण्याएवढं. मग व्हिडिओ कॉल येतो, "मामा, हे बघ काय आणलंय पुढ्यात."

पहिल्यांदा बघितलं ते गंबो. काळपट तपकिरी रस, त्यात सुंगटे, कुर्ली, चोरिसासारखं धुरावलेलं सॉसेज, आणि मधोमध भाताचा गोळा. मी म्हटलं, अरे ही तर आपली शीतकडी! तो म्हणाला, भेंडीपण आहे. आपल्याकडे सुंगटांच्या हुमणात भेंडे घालतात, अगदी तसंच. चौकशी केली तर कळलं की गंबो हा शब्दच पश्चिम आफ्रिकेतला, तिकडे भेंडीला तसंच काहीतरी म्हणतात. गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर भेंडी आणि तिचं नाव दोन्ही तिथं पोचलं. रस दाट करायला तेलात मैदा भाजतात. आपल्या बायका वाटप भाजतात तसा, पण तपकिरी होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास हात न थांबवता. जरा करपला तर सगळा फेकायचा. ही फ्रेंचांची रीत. त्यावर सासाफ्रास नावाच्या झाडाच्या पानांची पूड, ती तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची. एका वाडग्यात तीन खंडं. आपल्याकडे पोर्तुगीज आले तसे तिथं 1718 मध्ये फ्रेंचांनी शहर वसवलं, मग स्पॅनिश आले, 1803 मध्ये अमेरिकेनं सगळा मुलूखच विकत घेतला. राज्यकर्ते गेले, रांधप राहिलं.

दुसऱ्या रविवारी पो-बॉय. लांबलचक पाव, वरून कुरकुरीत, आत मऊ, त्यात तळलेली सुंगटे नाहीतर कालवं खच्चून भरलेली. 1929 मध्ये तिथं ट्रामवाल्यांचा मोठा संप झाला. मार्टिन नावाचे दोन भाऊ पूर्वी ट्रामवरच कामाला होते आणि आता हॉटेल चालवत होते. त्यांनी संपकऱ्यांना फुकट खायला घातलं. कोणी आला की म्हणायचे, आला बघ आणखी एक गरीब पोरगा. त्यावरून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. नाव गरिबाचं असलं तरी आता किंमत गरिबाची नाही, भाच्यानं बिल दाखवलं.

कालवांचं एक जुनं हॉटेल आहे, कॅसामेंटोज, 1919 पासूनचं. ते उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून ते ऑगस्टमध्ये, चक्क बंद असतं. आपल्या बंदीच्याच दिवसांत! गिऱ्हाईक थांबतं. आपल्याकडे जुलैत विसवण मिळाला नाही तर लोक वेटरवर ओरडतात.

झिंग्यांसारखी दिसणारी गोड्या पाण्यातली क्रॉफिश तर भाताच्या शेतात होते. भात कापला की शेतात परत पाणी सोडायचं आणि पिंजरे लावायचे. आपल्या खाजनात पावसाळ्यात कोरगूट आणि नंतर मानशीवर मासळी, तोच हिशोब. मोठ्या टोपात मका, बटाटे, तिखट घालून उकडतात आणि टेबलावर कागद पसरून त्यावर ओततात. ताट नाही, चमचा नाही. शेपटी मोडायची, मास ओढायचं, डोकं चोखायचं. हे बघून माझ्या आईला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आता जरा कडू गोष्ट. तिथं रेडफिश नावाचा मासा आहे, आपल्या घोळीच्या कुळातला. पूर्वी त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. 1979 मध्ये पॉल प्रूडोम या शेफनं के-पॉल्स नावाचं हॉटेल काढलं. तो माशाचा तुकडा लोण्यात बुडवायचा, मसाला लावायचा आणि लाल तापलेल्या लोखंडी तव्यावर काळा करायचा. पदार्थ एवढा गाजला की देशभरातल्या हॉटेलांना रेडफिशच पाहिजे झाला. मग खोल समुद्रात पर्ससीनवाले उतरले, विमानातून थवे शोधून. त्यांनी उचलला तो अंड्यांवरचा मोठा मासा. शेवटी 1980 च्या दशकातच सरकारला तो धंदा बंद करावा लागला. लुईझियानात आज रेडफिश गळानं हौसेसाठी पकडता येतो, धंद्यासाठी नाही. हॉटेलात मिळतो तो बहुतेक तळ्यात वाढवलेला. पर्ससीन आणि एलईडीवर आपल्या मीटिंगमध्ये खुर्च्या सरकतात, म्हणून जास्त लिहीत नाही. पण एका तव्यानं एक मासा संपत आणला होता, एवढं लक्षात ठेवा.

आणि सुंगटे. मागच्या महिन्यात भाच्यानं मेनूकार्डाचा फोटो पाठवला. पदार्थ आपल्या आटवलासारखा, मक्याच्या जाड रव्याची मऊ पेज आणि वर सुंगटे. ग्रिट्स म्हणतात, दक्षिणेकडचा जुना नाश्ता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: सुंगटे आयात केलेली. त्यानं वेटरला विचारलं, कुठून? वेटर आत जाऊन खोका बघून आला. इंडिया.

पोरगा हसला. मला काही हसू आलं नाही.

लुईझियानात 1 जानेवारी 2025 पासून कायदा आहे. हॉटेलात सुंगटे किंवा क्रॉफिश बाहेरच्या देशाची असली तर गिऱ्हाइकाला तसं लिहून सांगायचं. गल्फची, लुईझियानाची असं खोटं नाव लावायचं नाही. कारण अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या दहा सुंगटांतली नऊ तरी बाहेरची असतात आणि सगळ्यात जास्त जातात ती आपल्या देशातून. आंध्रच्या तळ्यांतली व्हेनामी. गंमत म्हणजे ही व्हेनामी मूळची आपली नव्हेच, अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याची. आपल्याकडे तिची शेती सुरू झाली 2009 मध्ये. सोललेली, गोठवलेली ती परत समुद्र ओलांडते आणि तिथल्या होडीवाल्याचा भाव पाडते. त्या होडीवाल्यानं 2005 चं कतरिना वादळ सोसलं, 2010 चं तेल सोसलं. आता डिझेलचा खर्च निघत नाही म्हणून होडी बांधून ठेवतो. हे वाक्य मी कोणाबद्दल लिहितोय ते मलाच क्षणभर कळेना.

आंध्रचा शेतकरीही कर्ज काढून तळं चालवतो, त्याला शिव्या देणार नाही. पण कायदा मला पटला. सुंगट कुठलंही असो, खाणाऱ्याला माहीत असावं. 2018 च्या फॉर्मेलिनच्या गोंधळात आपल्याला काय सोसावं लागलं ते विसरलात का? बाहेरच्या मासळीवर संशय आला आणि आपली ताजी मासळीही टोपलीत पडून राहिली. इथल्या कुठल्या मेनूवर लिहिलेलं असतं, ही सुंगटे मांडवीतली की ट्रकातली?

भाच्यानं त्या दिवशी प्लेट संपवली. पण आता तो आधी विचारतो. डोक्यासकट सुंगटे लोण्यात आणि मिऱ्यात परततात, तसा पदार्थ असेल तर बिनधास्त मागवतो, कारण बाहेरून येणारा माल बहुतेक डोकं काढलेला असतो.

एकदा टॅक्सी करून तो डुकी चेजला गेला. 1941 पासूनचं हॉटेल. तिथल्या लेआ चेज यांच्या हातचं गंबो प्रसिद्ध होतं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्यानं बंद होतं, तेव्हा हक्कांसाठी लढणारे दोन्हीकडचे लोक त्यांच्या माडीवर बसून जेवायचे आणि पुढची आखणी करायचे. कतरिनात हॉटेल बुडालं, दोन वर्षांनी परत उभं केलं. 2019 मध्ये बाई गेल्या, 96 व्या वर्षी.

एक पदार्थ मात्र भाच्याचा राहिलाय, लाल राजमा आणि भात. तसा तो कधीही मिळेल, पण त्याचा खरा वार सोमवार. पूर्वी सोमवारी बायकांचा कपडे धुवायचा दिवस. राजमा चुलीवर ठेवायचा, तो आपला आपण शिजायचा. हॉटेलंसुद्धा ती रीत पाळतात. याचं जहाज रविवारी संध्याकाळी सुटतं, त्यामुळे सोमवारी तो कायम समुद्रात. कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपतंय. म्हणाला, "मामा, विमानाचं तिकीट मंगळवारचं मिळतं का बघतो."