विश्लेषण : फोड अंगावर, धोका डोळ्यांना!

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच तान्ह्या मुलीच्या हातापायांवर फोडांच्या रेघा उठतात. संसर्ग तर नाही ना, हे डॉक्टरांना आधी पाहावेच लागते. घरात मात्र कोणीतरी ग्रहणात भाजी चिरल्याचा विषय काढते आणि बोट आईकडे जाते. चाचण्यांत जंतू सापडले नाहीत, तर 'इन्काँटिनेन्शिया पिगमेंटाय' या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. लाखभर जन्मांमागे साधारण एका बाळाला तो होतो. ब्लॉख (१९२६) आणि सुल्झबर्गर (१९२८) या त्वचातज्ज्ञांच्या नावानेही तो ओळखला जातो.

मुलींनाच का?

दोष एक्स गुणसूत्रावरील 'आयकेबीकेजी' जनुकात असतो. २००० मध्ये तो उलगडला. मुलाला एकच एक्स, त्यामुळे असा गर्भ बहुधा टिकत नाही. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. कुठे निरोगी पेशी, कुठे सदोष. म्हणून त्वचेवर पट्टे. फोड सुकून चामखिळीसारखे खडबडीत होतात, मग तपकिरी-करडे वळसे उमटतात. वयात येईपर्यंत ते बहुतेक फिके पडतात. फोडांवर मलमांचा मारा करण्याची गरज सहसा नसते. ते फोडू नयेत, एवढे पुरे.

खरी घाई डोळ्यांची. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या नीट वाढल्या नाहीत तर पटल सुटून दृष्टी जाऊ शकते. वेळीच लेसर केल्यास ती वाचवता येते. त्यामुळे निदानाची शंका येताच दृष्टिपटलाची तपासणी हवी आणि पहिल्या वर्षात ती पुन्हा पुन्हा करावी लागते. झटके आले तर मेंदूची तपासणीही. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या पालकांना उपनगरी गाडीच्या मार्गावरच परळचे केईएम रुग्णालय आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ते उत्कृष्टता केंद्र आहे.

आईचीही तपासणी

पोटऱ्यांवर केस नसलेल्या फिकट रेघा, न आलेले किंवा सुळ्यासारखे दात, वारंवार गर्भपात, या खुणा आईत सापडू शकतात. कित्येकींना आपल्याला हा आजार असल्याचे मुलीच्या निदानानंतरच कळते. अनेकदा आईत दोष नसतोच, बदल बाळात नव्यानेच घडतो. आईत असेल तर प्रत्येक गर्भात तो उतरण्याची शक्यता निम्मी. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी दोघांनी जनुकीय समुपदेशन घ्यावे आणि सासूबाईंनाही सोबत न्यावे.