सहलीला पाठवा, पण जॅकेटची पट्टी ओढून बघा

14 एप्रिलची जयंती झाली आणि परीक्षा आटोपल्या की वस्तीवस्तीत एकच विषय निघतो, पोरांना कुठं न्यायचं? कुठं श्रामणेर शिबिर ठरतं, कुठं समता सैनिक दलाचं शिबिर असतं, तरुण मंडळ अजिंठा-वेरूळची नाहीतर पैठणची बस काढतं. 20 मार्चला महाडला गेलेली बस चवदार तळ्याला अभिवादन करून पुढं हरिहरेश्वरच्या किंवा मुरुडच्या समुद्राकडे वळते, कारण गाडीतल्या निम्म्या लेकरांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. मग शहागंजच्या आसपासच्या वस्त्यांतल्या आया आम्हाला विचारतात, "सिस्टर, पाठवू का नको?"

आमचं उत्तर ठरलेलं आहे. पाठवा. मुलींना तर नक्की पाठवा. मुलाला सहल आणि मुलीला "पाण्याबिण्याचं काम, घरीच बस", हे आम्हाला मान्य नाही. पण बस सुटण्याआधी नेणाऱ्यांना चार प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.

आपल्या घरांत पाण्याची भीती आहे, आणि तिला कारण आहे. गावात पोरं पोहायला शिकायची ती विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने वरून ढकलून द्यायचं. ती विहीर आपल्या आज्या-पणज्यांना बंद होती. ज्या पाण्याला हात लावायची बंदी, त्यात पोहायला कोण शिकवणार? 1927 साली बाबासाहेबांनी महाडला ओंजळभर पाणी उचललं तेव्हा पाण्यावरचा आपला हक्क जगासमोर आला. पोहण्याचं शिक्षण मात्र आपल्या बहुतेक घरांत अजून पोचलेलं नाही. शहरात आलो तर इथं जलतरण तलावाला फी लागते. त्यामुळे आपली पोरं पहिल्यांदा पाण्यात उतरतात ती सहलीतच, पन्नास जणांच्या गोंगाटात, सांगणारं कुणी नसताना.

आणि पाण्याशी गाठ फक्त सहलीतच पडते असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची मुलं शाळेत जायला जायकवाडीच्या पाण्यावरून थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, वल्हं मारत जातात, ही बातमी 2023 मध्ये सगळ्या देशाने वाचली. त्या लेकरांना पर्याय नव्हता. सहलीला जाणाऱ्यांना पर्याय असतो, म्हणून त्यांच्याकडून हिशेब मागायचा.

जे घडून गेलंय ते एकदा नीट बघू. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. मुलं समुद्रात उतरली आणि 14 विद्यार्थी बुडाले. 9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटून 8 जणांचा जीव गेला. उलटण्याच्या थोडं आधी त्याच होडीतून फेसबुकवर थेट चित्रण चालू होतं. 13 जानेवारी 2018 ला डहाणूच्या समुद्रात 40 च्या आसपास विद्यार्थी असलेली होडी उलटली, तीन मुली गेल्या. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी बुडाली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्या होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी 21 मे ला उजनी धरणात संध्याकाळी अचानक सुटलेल्या वाऱ्याने होडी उलटली, 6 जण गेले. ही सहलही नव्हती, लोक रोजच्यासारखे या काठावरून त्या काठावर निघाले होते.

या यादीत "नशिबात होतं" म्हणावं असं आम्हाला एकही ठिकाण दिसत नाही. होडीत जास्त माणसं, अंगावर जॅकेट नाही, फोटोसाठी सगळे एका बाजूला, ओहोटीची माहिती नाही, आभाळाकडे लक्ष नाही. आलटूनपालटून हीच कारणं.

तर पहिला प्रश्न जॅकेटचा. होडीत जितकी डोकी तितकी जॅकेटं पाहिजेत, आणि ती अंगावर. "होडीत ठेवलीत ना ताई, लागली तर घालू" हे उत्तर चालणार नाही. होडी उलटायला क्षण लागतो, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला जॅकेट घालता येत नाही. सगळे पट्टे लावल्यावर मुलाच्या खांद्यावरचं जॅकेट दोन्ही हातांनी वर ओढून बघा. ते कानापर्यंत वर आलं तर मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहान पोराला मोठ्याचं जॅकेट घालून समाधान मानू नका. लहान मापाचं नसेल तर त्या पोराने काठावर थांबायचं, रडलं तरी. आपल्या बायका-मुली ओढणी-पदरावर जॅकेट घालायला संकोचतात. ओढणी आधी सोडून पिशवीत ठेवा, साडी असेल तर पदर कमरेला खोचा. ओलं कापड पायात गुंडाळलं की पोहणाऱ्यालाही हात-पाय मारता येत नाहीत.

दुसरा प्रश्न होडीवाल्याला. किती माणसांची होडी आहे? सोबत दुसरी होडी आहे का? 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तो कागद दाखवा म्हणा. कागद नाही आणि वर "काही होत नाही" असं म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. होडीवाल्याच्या तोंडाला वास येत असेल तरीही फिरा. आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही हेच लागू आहे. सकाळी बसमध्ये पंचशील म्हणणाऱ्याने संध्याकाळी तंबूमागे बाटली उघडली, तर पाचवं शील तर मोडलंच, चाळीस लेकरांचा राखणदारही गेला. अशा माणसाला पुढच्या वेळी नेऊ नका, तो कितीही मोठा पदाधिकारी असो.

तिसरा प्रश्न, मोजणार कोण? एकाच माणसाचं नाव ठरवा आणि त्याच्या हातात कागदावरची यादी द्या. बसमध्ये चढताना, उतरताना, पाण्याजवळ जाताना, परत येताना, दर वेळी डोकी मोजायची. मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचं, एवढं एकच काम त्यांना शिकवा. सात वर्षांच्या पोरालाही ते जमतं. मुली असतील तर किमान दोन बाया सोबत पाहिजेतच. पाळी आलेली मुलगी पुरुष कार्यकर्त्याला सांगत नाही, एकटीच आडोसा शोधत लांब जाते, आणि मोजणीत तिथंच चुकामूक होते.

चौथा प्रश्न आजारांचा, आणि याचं उत्तर आई-बापांनी द्यायचंय. फिट येणाऱ्या मुलाने पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. दम्याचा पंप मुलाच्या खिशात हवा, बसच्या टपावरच्या बॅगेत नको. विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या काही घरांत सिकलसेल आहे. अशा मुलाला थंड पाण्यात डुंबणं, उन्हात पाणी न पिता चालणं यानं अंगात कळा सुरू होऊ शकतात. "मुलीचं लग्न जमायचंय, कशाला सांगायचं" म्हणून लपवू नका. चिठ्ठी लिहून गटप्रमुखाच्या हातात द्या. गटप्रमुखानेही ती चारचौघांत वाचायची नाही.

आता पाण्याचं. नाथसागराचं पाणी काठावर उथळ दिसतं म्हणून फसू नका. धरणात गावंच्या गावं बुडाली आहेत. पाण्याखाली गाळ आहे, जुने बांध आहेत, विहिरी आणि खड्डे आहेत. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की खाली गोदावरीचं पात्र बघताबघता भरतं, भोंगा ऐकला की सामान सोडून वर यायचं. शहराभोवतीच्या मुरमाच्या, दगडाच्या खदानी पावसाने भरतात, त्या तर पोहण्याच्या जागाच नाहीत. समुद्राला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी असते, आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. आपले बरेचसे सण पौर्णिमेला येतात, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असतं. वैशाखी पौर्णिमेला किनाऱ्यावर गेलात तर वेळ आधी गावातल्या कोळ्यांना विचारा, आणि मुलांना वाळूवरच ठेवा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारनंतर वावटळ आणि वीज येते. होडीत बसायचं ते सकाळी, आणि आभाळ भरून आलं की उतरायचं, पैसे भरलेले असले तरी.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दुसरे दोघं बुडाले, अशी बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि खाली दाबतो. काठावर आडवं झोपून काठी, ओढणी, साडी पुढं करा. गटाजवळ वीस मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी घालून बूच घट्ट लावा, दोर बांधा. असा कॅन लांब फेकता येतो आणि माणसाला तरंगवून धरतो. दोर, कॅन, शिट्टी, टॉर्च हे सगळं शहागंजच्या बाजारात मिळतं आणि बसच्या एका तिकिटाच्या मानाने खर्च काहीच नाही.

बाहेर काढल्यावर जे होतं ते बघून आम्हा नर्सांचा जीव वरखाली होतो. कुणी पोराला पाय धरून उलटं टांगतं, कुणी गरगर फिरवतं, कुणी पोटावर दाबून पाणी काढतं. यातलं काही करू नका. त्यात वेळ जातो, आणि पोट दाबलं की उलटी फुप्फुसात जाते. पोराला कडक जमिनीवर उताणं ठेवा, हाक मारा, छाती हलते का बघा. मधूनच आचके देतंय म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका. श्वास नसेल तर एकाने 108 लावायचा. दुसऱ्याने मान मागं करून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यायचे, छाती उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताने 30 दाब, त्यावर 2 श्वास, पुन्हा 30 दाब. दाब मिनिटाला शंभर ते एकशेवीस. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. लहान मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबा, तिथं एक हात पुरतो. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. थकलात तर दुसऱ्याने घ्यायचं. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू करा. श्वास सुरू झाला की कुशीवर ठेवा, ओले कपडे काढून पांघरूण घाला.

शुद्धीवर आलेलं पोर "मी बरा आहे" म्हणतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. तरीही त्याला दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं, श्वास लागायला लागतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली काही तास राहू द्या. आपल्या शहरात घाटीत नेताना किती वेळ पाण्यात होतं, शुद्ध केव्हा आली, हे कागदावर लिहून सोबत द्या.

शिबिराच्या रात्रीचं थोडक्यात. विहारात किंवा शाळेत जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते. तिचा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, बोबडी वळतेय असं कुणी म्हणालं तर मांत्रिक नको, थेट रुग्णालय. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात, तिथं धूर, फटाके, अत्तर, घोषणा बंद. बसचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आला असेल तर त्याला झोपू द्या, महाड तासभर उशिराने गाठलं तरी चालेल.

राहिलं पोहायला शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि शाळेच्या वयाच्या मुलांना पोहणं व पाण्यातली सुरक्षितता शिकवा असं ती सांगते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेसाठी जेवढे पैसे जातात, त्यातल्या थोड्या पैशांत वस्तीतल्या दहा-पंधरा मुलामुलींची महिनाभराची जलतरणाची फी भरता येईल. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई मागा, वस्तीच्या सह्यांचा अर्ज घेऊन महापालिकेत जा. असा अर्ज लिहायला, आणि विहारात छाती दाबायचा सराव घ्यायला आम्ही रविवारी सकाळी वंदनेनंतर येऊ शकतो. उशा मात्र घरून आणा, सराव त्यांच्यावरच करायचाय.