स्टिअरिंग अचानक जड होतं तेव्हा

अमेरिकेत शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे पिकअप सावकाश वळवताना अनेकांचं स्टिअरिंग अचानक जड झालं आणि क्षणभरात पुन्हा हलकं झालं. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये २०१४ सालचे पिकअप दुरुस्तीसाठी परत बोलावले. २०१८ मध्ये २०१५ सालच्या गाड्यांची पाळी आली. त्यात मोठ्या एसयूव्हीही होत्या आणि आकडा दहा लाखांवर गेला. मोडलं-तुटलं काहीच नव्हतं. विजेचा दाब घसरत होता, आणि इलाज होता सॉफ्टवेअर बदलण्याचा.

पूर्वी इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाच्या दाबानं स्टिअरिंगला मदत करायचा. आता ते काम विजेची मोटर करते. स्टिअरिंगच्या दांड्यातली एक बारीक सळई हाताच्या जोरानं किती पिळवटली, हे सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं मोटर जोर लावते. अडचण अशी, की गाडी जवळजवळ उभी असताना चाकं वळवायला सर्वांत जास्त वीज लागते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन मंद फिरत असल्यानं अल्टरनेटर कमी वीज देतो. उरलेला भार बॅटरीवर. ती थकलेली असेल तर विजेचा दाब कोसळतो आणि संगणक मोटर थांबवतो. चाकं तरीही वळतात, फक्त जोर लावावा लागतो. खरा धोका मदत परत येते तेव्हाचा: सगळी ताकद लावून ओढणारा हात एकदम पुढे जातो.

स्टिअरिंगशी आणि याच विजेशी जोडलेली आणखी एक यंत्रणा म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल. पिकअपला ती फार गरजेची आहे, कारण हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या वळणावर शेपूट बाहेर फेकली जाते. बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये बाजारात आणलेली ही यंत्रणा चालकाला कुठे वळायचंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याची सतत तुलना करते. फरक दिसला की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. शेपूट घसरली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ती सक्तीची आहे.

चालकाचा इरादा तिला कळतो तो स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरवरून. त्याचं मोजमाप बिघडलं किंवा वीज अपुरी पडली, की यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. म्हणून पुष्कळदा डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचा असे दोन्ही दिवे एकदम लागतात. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असं धरून महागडी मोटर बदलायला घेणं मला चूक वाटतं. आधी बॅटरी भार टाकून तपासायला हवी; टर्मिनल्स गंजलीत का, अर्थिंगची वायर आणि अल्टरनेटर ठीक आहेत का, हे पाहायला हवं. व्हील अलाइनमेंट नुकतीच केली असेल, तर कोनाच्या सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा बसवला का, हे विचारा. आणि दिवा आपोआप विझला तरी संगणकात नोंदलेला कोड गॅरेजमध्ये वाचून घ्या. विझलेला दिवा म्हणजे दुरुस्त झालेली गाडी नव्हे.