धावती स्पर्धा सोलापुरात का थांबत नाही?

गेल्या पौषात मंगळवेढ्याच्या बाजूला एका वस्तीवर हुरड्याला बसलो होतो. कणसं आगटीत, गप्पा रंगात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं मोबाईलवर एक परदेशी कार्यक्रम लावला. जोडीजोडीनं माणसं पाठीवर पिशव्या टाकून देशोदेशी पळतायत, कुठं रिक्षावाल्याशी हुज्जत घालतायत, कुठं चिखलात लोळतायत. घरातले म्हातारे अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, “साहेब, ही मंडळी आपल्या सोलापूरला का येत न्हाईत? आपल्याकडं काय कमी हाय?”

प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. का, ते पुढे सांगतो.

आधी ही स्पर्धा काय आहे ते पाहू. नाव ‘द अमेझिंग रेस’. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर २००१ मध्ये ती सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या, हातात चिठ्ठी, चिठ्ठीत पुढच्या ठिकाणाचा पत्ता. वाटेत नेमून दिलेलं काम करायचं आणि मुक्काम गाठायचा. मागं राहील तो बहुतेक वेळा घरी जातो. शेवटी पहिला येणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर. भारतात ही स्पर्धा पहिल्याच वर्षी आली होती. दिल्ली, आग्रा, जयपूर आणि बिकानेर. बिकानेरजवळच्या देशनोकला करणीमातेच्या उंदरांच्या देवळातही स्पर्धक जाऊन आले. २००३ मध्ये मुंबई आणि केरळ झालं. पुढं कोलकाता, लखनौ, जोधपूर, चेन्नई, वाराणसी, कोची अशी नावं लागत गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा जयपूर. आपल्या महाराष्ट्रातून या अमेरिकन स्पर्धेच्या यादीत एकटी मुंबई.

यादी नीट बघा, म्हणजे निवड कशी होते ते आपोआप कळतं. जवळपास प्रत्येक नावाला विमानतळ आहे. स्पर्धकांच्या मागं कॅमेरेवाले, ध्वनिवाले, डॉक्टर अशी मोठी फौज असते आणि ती सगळी वेळेत पुढं पोचली पाहिजे. करोनामुळं फेब्रुवारी २०२० मध्ये चित्रीकरण मध्येच थांबलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा मंडळींनी खास भाड्याचं विमान घेतलं. विमान उतरेल तिथंच खेळ, असा एकूण हिशेब. मग परवानग्या येतात. परदेशी चित्रीकरणाला केंद्राची संमती लागते, त्यासाठी एनएफडीसीत २०१५ पासून वेगळी खिडकी आहे. पुरातत्त्व खात्याकडं असलेल्या जागेला आणखी वेगळा कागद लागतो. आपला भुईकोट किल्ला त्यातच मोडतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्या गावात असं एखादं काम हवं, जे परक्या माणसाला तास-दोन तासांत करता येईल आणि जमलं की फसलं ते पडद्यावर बघणाऱ्याला लगेच कळेल. केरळात २००३ मध्ये स्पर्धकांना चिखलात बैलजोडीमागं पळायला लावलं होतं. (आपल्याकडं बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधल्या काळात एखादा परदेशी पाहुणा आला असता तर त्याला काय दाखवलं असतं, हा प्रश्नच आहे.)

आता सोलापूरचं बघू. विमानासाठी आपण काय मोजलं ते तुम्हाला सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जातो त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं आणि ज्यांना विमान हवं होतं ते पेढे वाटत होते, असं आपलं गाव. २०२५ मध्ये जूनला गोव्याची आणि ऑक्टोबरला मुंबईची विमानं सुरू झाली. तेव्हा पहिली अडचण थोडीफार सुटली म्हणायची.

आता माझी जीभ का अडखळली ते सांगतो. गेली बारा-तेरा वर्षं मी विस्ताराचं काम करतो. पीक प्रात्यक्षिकासाठी शेतकरी निवडायचा असतो. नियम म्हणतो, गरजू आणि होतकरू शेतकरी निवडा. प्रत्यक्षात आम्ही काय करतो? डांबरी रस्त्याला लागून असलेलं रान निवडतो. साहेबांची जीप थांबली पाहिजे, पाटी लांबून दिसली पाहिजे, शिवारफेरीला आलेल्यांचे बूट चिखलात जाऊ नयेत. मीही तेच केलं, एकदा नाही, पाच-सहा वेळा. फाट्यापासून तीन किलोमीटर आतल्या एका शेतकऱ्यानं मला तोंडावर विचारलं होतं, “साहेब, तुमचं बियाणं डांबरावरच उगवतंय का?” त्याची ज्वारी त्या साली पाटी लावलेल्या प्लॉटपेक्षा सरस होती. मी वहीत नोंद केली आणि निघून आलो. टीव्हीवाल्यांना नावं ठेवायची तर आधी मला ठेवली पाहिजेत.

पण दुसऱ्या एका स्पर्धेचा नियम वेगळा आहे. बीबीसीची ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ २०१९ पासून चालू आहे. तिच्यात विमान बंद. मोबाईल काढून घेतात. विमानाच्या तिकिटाएवढे पैसे हातात देतात आणि रेल्वे, बस, मिळेल त्या गाडीनं जा म्हणतात. पैसे संपले तर वाटेत काम करा, शेतात राबा, त्या बदल्यात जेवण आणि अंथरूण मिळवा. २०२५ ची स्पर्धा चीनच्या भिंतीपासून निघाली, नेपाळवरून भारतात आली आणि कन्याकुमारीला संपली. मधले ठराविक थांबे ठरलेले असतात, पण वाट ज्याची त्यानं शोधायची. मुंबई-मद्रास लोहमार्ग १८७१ मध्ये जोडला गेला तेव्हापासून सोलापूर त्या वाटेवर आहे. अशा स्पर्धेसाठी आपला जिल्हा कमी पडायचं कारण नाही.

मग काम काय द्यायचं? माझं मत विचाराल तर भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच साली सोलापूरच्या डाळिंबालाही. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावं लागतं आणि परातीत एका हाताच्या अंदाजानं थापावं लागतं. कड फाटली की सगळ्यांना दिसते. पंच म्हणून घरातली आजी बसवा. ती पास करील तीच भाकरी पास. रानात करायचं तर ज्वारीची काढणी. धाटं मुळासकट उपटायची, पेंढी बांधायची, कणसं मोडायची. अर्ध्या तासात पाहुण्याच्या तळहाताला फोड येतील.

ऊसतोड मात्र द्यायची नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. कोयत्यावर लेकराबाळांसकट सहा महिने बाहेर काढणाऱ्या माणसाचं काम कुणी तासाभराचा गंमतीचा खेळ म्हणून करावं, हे मला पटत नाही. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर वाद घालायला मी तयार आहे.

आता थोडं व्यवहाराचं बोलतो. उद्या कुणी चित्रीकरणवाला तुमच्या बांधावर आला तर हुरळून जाऊ नका. पीक तुडवलं जाणार असेल तर किती गुंठे आणि भरपाई किती, हे आधी कागदावर घ्या. कार्यक्रमात गावाचं नाव आलं पाहिजे, नुसतं ‘भारतातलं एक खेडं’ नको. फ्रान्सच्या सायकल स्पर्धेत गावं आपल्याकडं टप्पा यावा म्हणून उलट पैसे भरतात, कारण नाव पडद्यावर येतं. नावाला किंमत आहे, ती फुकट देऊ नका. वेळही आपण ठरवावी. आषाढीला पंढरपूरकडं बोलावू नका, त्या दिवसांत मुंगीला जागा नसते. ऐन सुगीत मजूर मिळत नाहीत. पौष बरा. हुरडा असतो, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, हवा थंड असते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आहे, त्यात केंद्राची नोंदणी केलेली असली तर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय दाखवायला सोपं जातं.

परवा अण्णांना हे सगळं सांगितलं. विमानाची स्पर्धा आणि एसटी-रेल्वेची स्पर्धा, दोन्ही. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

“मग दुसरेच येऊ द्यात,” म्हणाले. “मुक्कामाची एसटी साडेसातला येती. फाट्यावरनं चालत यावं लागतंय, अंधार असतो. पोरगं बॅटरी घिऊन हुबं राहील.”