सेकंडहँड सी.एन.सी. राउटर : बघू नका, मोजा!

सेकंडहँडचं शास्त्र हॉस्टेलवाल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. ड्राफ्टर, गादी, कूलर, सायकल या वस्तू फायनल इयरकडून फर्स्ट इयरकडे वर्षानुवर्षं सरकत असतात. घेणारा दोनदा हलवून बघतो, विकणारा "एकदम कंडिशनमध्ये आहे रे" म्हणतो, आणि व्यवहार होतो. फसलो तरी नुकसान चार-पाचशे रुपयांचं.

पण हाच व्यवहार काही लाखांच्या मशीनचा असेल तर? फर्निचर, साईनबोर्ड किंवा फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न बनवणारा छोटा कारखानदार जुना सी.एन.सी. राउटर घेतो तेव्हा बहुतेक वेळा बँकेचं कर्ज काढतो. मशीन चालो न चालो, हप्ता ठरल्या तारखेला येतोच. मशीन दोन महिने बंद पडलं की घेतलेल्या ऑर्डरी जातात आणि पाठोपाठ कारागीरही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

राउटर म्हणजे थोडक्यात काय? टेबलावर प्लायवूडची शीट, वरून सरकणारी गॅन्ट्री आणि तिच्यावर जोरात फिरणारं स्पिंडल. बाजारात '१३२५' हा साईज सर्रास दिसतो, म्हणजे १३०० × २५०० मि.मी. कारण साधं आहे. आठ बाय चारची शीट १२२० × २४४० मि.मी.ची असते, ती त्यात बरोबर मावते. चिनी, तैवानी, भारतीय मशीन्स आहेत. जर्मनीची होमॅग, इटलीच्या बिएसे आणि एस.सी.एम. या कंपन्यांची जड मशीन्सही जुन्या बाजारात येतात.

आता पहिला प्रश्न मशीनला नव्हे, मालकाला विचारायचा : "विकताय का?" मोठं मशीन घेतलं, धंदा बदलला, जागा सोडायची आहे, ही सगळी चांगली कारणं. पण "मशीन त्रास देतंय" हे कारण कुणी तोंडाने सांगत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर याच मुद्द्याचा निबंध लिहिला, आणि २००१ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं : चांगला माल कोणता आणि खराब कोणता हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांना मधलाच भाव देतो. मग चांगल्या मालाचा मालक "या भावात नाही परवडत" म्हणून बाजारातून निघून जातो, आणि मागे खराब मालाचं प्रमाण वाढतं. म्हणजे माहिती नसली की फक्त घेणारा फसतो असं नाही, प्रामाणिक विकणाराही मार खातो. यावर आपल्या हातातला उपाय एकच, मोजमाप.

थंड मशीन बघा

जुनी बाईक घेताना आपण इंजिन थंड असताना किक मारून बघतो. इथेही तेच. "आम्ही येईपर्यंत मशीन सुरू करू नका" असं आधीच सांगून ठेवा. नवा रंग बघून खूष होऊ नका. रंगाने गंज झाकतो, झीज भरून येत नाही.

स्पिंडलपासून सुरुवात करा. २४,००० आर.पी.एम. कुठून येतात? व्हायवामधलं सूत्र आठवा : १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल्सची संख्या. दोन पोलच्या मोटरला ४०० हर्ट्झ दिले की २४,००० मिळतात. ते काम व्ही.एफ.डी. करतो. एवढ्या वेगात सगळ्यात आधी बेअरिंग जातं. वेग टप्प्याटप्प्याने वाढवत आवाज ऐका. घरघर किंवा शिट्टी आली तर सावध व्हा. अर्धा तास चालवा, बंद करा, पूर्ण थांबल्यावर हात लावून किती तापलंय ते बघा. मग कोलेटमध्ये टेस्ट बार धरा, स्पिंडल हाताने फिरवा आणि डायल गेजवर रनआउट बघा.

नंतर बॅकलॅश. डायल गेज लावा, अक्ष एकाच दिशेने आणून गेज शून्यावर घ्या. त्याच दिशेने १ मि.मी.ची कमांड द्या, मग उलटी १ मि.मी.ची. काटा शून्यावर परत आला पाहिजे. जेवढा मागे राहिला तेवढा बॅकलॅश. हे माप टेबलाच्या मध्यभागी आणि दोन्ही टोकांना, असं तीन ठिकाणी घ्या. मशीनचं बहुतेक आयुष्य मध्यभागी जातं, म्हणून बॉल स्क्रू किंवा रॅक तिथेच जास्त झिजते. मध्ये ढिलं आणि टोकाला घट्ट असेल तर नट आवळून भागत नाही. मध्यभागी बरोबर केलं की टोकाला अडकतं. तिथे स्क्रू बदलण्याचाच खर्च धरा.

आता दोन आकार कापून घ्या. पहिला मोठा वर्तुळ. बॅकलॅश असेल तर घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ वाजताच्या जागी खटका दिसतो, कारण तिथेच एकेक अक्ष दिशा बदलतो. दुसरा एक मीटरचा चौरस. त्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. गॅन्ट्री मीटरमागे १ मि.मी. तिरकी असेल तर कर्णांमध्ये साधारण १.४ मि.मी. फरक येतो. काटकोन्याला न दिसणारी चूक टेप दाखवते.

लोखंड टिकतं, मेंदू म्हातारा होतो

जाड वेल्डेड फ्रेम वर्षानुवर्षं टिकते. कंट्रोलर आणि ड्राइव्हचं तसं नाही. अनेक जुन्या फानुक कंट्रोलरमध्ये मशीनचे पॅरामीटर्स बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतात. वर्षभर बंद पडलेल्या मशीनची बॅटरी उतरली की स्मृतिभ्रंश! म्हणून पॅरामीटर्सचा बॅकअप मागाच. बऱ्याच राउटरवर विंडोज एक्स.पी.चा पी.सी. अजून चालतो. एक्स.पी.चा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. हार्ड डिस्कची प्रत, सॉफ्टवेअरची डोंगल आणि लायसन्स तुमच्या नावावर होतं का, हे आधी विचारा. माक-३ पॅरलल पोर्टवर चालत असेल तर त्याला ३२ बिटचं विंडोज लागतं. आजच्या नव्या पी.सी.वर हा संसार मांडता येत नाही.

बाहेरून आलेलं मशीन असेल तर नेमप्लेट वाचा. युरोपचं ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतं, ते आपल्याकडच्या ४१५ व्होल्टच्या थ्री फेजला जवळचं. जपानचं बहुधा २०० व्होल्टचं, अमेरिकेचं ४८० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. थेट लाइनवर चालणारी ६० हर्ट्झची व्हॅक्यूम पंपाची मोटर इथे सहापैकी पाच हिश्शांच्या वेगानेच फिरते. ओढ कमी पडते, आणि कापता कापता छोटा तुकडा सरकतो.

डस्ट कलेक्टर सौद्यात आहे का, तेही बघा. तो पुष्कळदा वेगळा विकला जातो. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते असं आय.ए.आर.सी. या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे. तिथे पैसे वाचवले की ते कारागिराच्या फुफ्फुसातून वसूल होतात.

कागदपत्रं

मशीन उत्तम निघालं, पण बँकेकडे गहाण असलं तर? मूळ बिल, कर्जफेडीचा बँकेचा दाखला मागा आणि सरसाईच्या केंद्रीय नोंदणीत शोध घ्या. बँकेच्या लिलावात माल 'जसा आहे तसा, जिथे आहे तिथे' मिळतो, मागाहून तक्रारीला फारशी जागा नसते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम १६ही ठराविक अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी आपोआप देत नाही. त्यामुळे तोंडी शब्दाला किंमत शून्य. टेस्टचे आकडे, सोबत काय काय मिळणार, मशीन उतरवायचा, वाहतुकीचा आणि बसवायचा खर्च कुणाचा, हे सगळं कागदावर आणा. लाखाचा सौदा करून क्रेनच्या भाड्यावरून भांडणारे लोक कमी नाहीत!

आणि विकायचं असेल तर?

वरचीच यादी उलटी वाचा. वीज तोडण्याआधी पॅरामीटर्सचा बॅकअप घ्या. पॅनेलचे फोटो काढा, प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा. मॅन्युअल, वायरिंग ड्रॉइंग, बदललेल्या पार्टची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. शक्यतो मशीन चालू जोडणीत असतानाच विका. सुटं करून ताडपत्रीखाली ठेवलेल्या मशीनला भंगाराच्या आसपासचा भाव येतो, आणि घेणाऱ्याचंही चुकत नाही, कारण त्याला तपासायला काही उरलेलंच नसतं. दोष असेल तर आधीच सांगा. "मध्यभागी ०.१ मि.मी. बॅकलॅश आहे" असं सांगणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. दोषाचे पैसे कमी होतात, संशयाचे होत नाहीत.

मित्रांनो, या सगळ्याला लागणारं सामान कोणतं? डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, टेप आणि मल्टीमीटर. चारही वस्तू आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहेत, आणि सेकंड इयरपर्यंत त्या वापरायला आपण शिकलेलोही असतो. छोट्या कारखानदाराकडे मात्र दिवसभर उभं राहून मोजून देणारा माणूस नसतो. तेव्हा गावाकडचे एखादे काका "जुनं मशीन बघायला येतोस का?" म्हणाले, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. गेज बरोबर न्या, आकडे लिहून काढा आणि सौद्याआधी त्यांच्या हातात द्या.