बाटलीला बूच: यंत्र कोणते घ्यावे?

गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळसाठी घरी वाईन करण्याची चाल जुनी आहे. द्राक्षे, जांभळे, आले, जे हाताशी असेल त्याची. आता आपल्याही काही घरांत ती रुळली आहे. (बडोद्याच्या नातेवाइकांनी हे केवळ माहितीसाठी वाचावे, तिकडे दारूबंदी आहे. इतरांनीही आपल्या राज्याचा अबकारी नियम आधी विचारून घ्यावा.)

वाईन कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती बाटलीत बंद कशी करायची हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी उभा राहतो, आणि मग कोणीतरी लाटणे घेऊन बूच ठोकायला बसतो. बाटलीची मान फुटून हाताला टाके पडायचे ते अशाच वेळी.

नेहमीच्या वाईनच्या बाटलीची मान आतून साधारण 18.5 मिलिमीटर असते आणि तिचे बूच 24 मिलिमीटरचे. बूच आधी चारी बाजूंनी सारखे दाबून बारीक करायचे, मग एका दमात आत ढकलायचे. आत गेल्यावर ते फुलते आणि काचेला घट्ट बसते. यंत्राचे काम एवढेच, पण दाब सारखा पडला नाही तर बुचाला घडी पडते आणि तिथूनच वाईन पाझरते, हवा आत जाते.

सर्वांत स्वस्त म्हणजे प्लास्टिकची नळी व दट्ट्या. पाच-सहा बाटल्यांपुरते ठीक. त्यावरचे दोन दांड्यांचे हातयंत्र बरे, पण बाटली धरायला दुसरे माणूस लागते आणि आमच्या वयाच्या खांद्यांना ते मानवत नाही. हेच घ्यायचे असेल तर 22 मिलिमीटरचे बूच वापरावे, सोपे जाते.

आमचे मत उभ्या, जमिनीवर ठेवायच्या यंत्राला. बाटली स्प्रिंगच्या बैठकीवर उभी राहते, दांडा खाली ओढला की चार जबडे बूच दाबतात आणि दट्ट्या ते आत सारतो. एकट्याने, फारसा जोर न लावता होते. पोर्तुगीज बनावटीच्या यंत्राचे जबडे प्लास्टिकचे, इटालियनचे पितळी. पितळी जास्त टिकतात, पण घरगुती वापराला प्लास्टिकचेही पुरतात. दट्ट्याची खोली कमी-जास्त करता येते ना, हे घेतानाच पाहावे. बूच काठाशी समतल बसायला हवे.

आता हिशेब. वर्षाला तीस बाटल्यांसाठी एवढे यंत्र एका घराने घेणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे. ते वर्षात फार तर एक दिवस चालणार. चार-पाच घरांनी मिळून घ्यावे आणि ज्याच्याकडे कोरडी जागा आहे त्याने सांभाळावे. वाईन सहा महिन्यांत संपणार असेल तर बूचच नको, फिरकीच्या झाकणाच्या स्वच्छ बाटल्या पुरेत. मात्र त्या बाटल्यांत बूच ठोकू नये. त्यांची मान त्यासाठी घडवलेली नसते.

यंत्र कितीही चांगले असले तरी एक गोष्ट ते सांभाळू शकत नाही. आपल्याकडची वाईन गोड असते. आंबणे पुरते थांबले नसेल, किंवा चवीसाठी नंतर साखर घातली असेल, तर बंद बाटलीत वायू साठतो. मग बूच उडते, नाहीतर बाटलीच फुटते. घट्ट बुचाने हा धोका वाढतोच. म्हणून हायड्रोमीटरचा आकडा काही आठवडे हलत नाही हे पाहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत, आणि साखर घातल्यास पुन्हा तितकीच वाट पाहावी.

बुचे उकळू नयेत, ती ठिसूळ होतात. बंद पाकिटातली नवी बुचे तशीच वापरता येतात. वाईन आणि बूच यांत दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडावी. बूच बसल्यावर बाटल्या दोन-तीन दिवस उभ्या ठेवाव्यात, म्हणजे आत दबलेली हवा निघून जाते. मग आडव्या कराव्यात, खाली जुने वर्तमानपत्र अंथरून. कोणती पाझरते ते त्यावरच्या डागाने लगेच कळते.